चाचणीचे काम हेही कामच आहे: नोकऱ्या देणाऱ्या जाहिरात संस्थांना आणि डिझाइन स्टुडिओंना खुले पत्र

प्रति,
मुंबई, पुणे आणि इतर शहरांतील जाहिरात संस्था, डिझाइन स्टुडिओ व प्रकाशनसंस्था यांचे प्रमुख, तसेच तेथे कलावंतांच्या नेमणुका करणारे सर्वजण यांस

महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी उपयोजित चित्रकार आहे, म्हणजे जाहिराती, वेष्टने अशा व्यावसायिक कामांसाठी चित्रे आणि अक्षरे करते. मिरजेत शाळा झाली, कोल्हापुरात कलाशिक्षण झाले आणि त्यानंतरची बावीस वर्षे मुंबईत याच व्यवसायात गेली. त्यांतली पहिली नऊ वर्षे मी जाहिरात संस्थांमध्ये आधी विज्युअलायझर (जाहिरातीची दृश्यकल्पना मांडणारी) आणि पुढे आर्ट डायरेक्टर म्हणून नोकरी केली, नंतर ठाण्यात पाच माणसांचा स्टुडिओ काढला आणि तो आजही चालू आहे. नोकरीसाठी पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचा संग्रह, घेऊन मी तुमच्या दारात तासन्‌तास बसले आहे आणि नोकरी मागायला आलेल्यांचे पोर्टफोलिओ माझ्या टेबलावर उघडलेही आहेत. त्यामुळे हे पत्र या धंद्याची माहिती नसलेल्या कोणाची तक्रार समजू नये, अशी विनंती आहे. नोकरी देण्याआधी उमेदवारांकडून फुकट चाचण्या करून घेण्याच्या आणि तशाच इतर पद्धतींविषयी जे लिहिते आहे ते आपल्यापैकी अनेकांशी खासगीत बोलून झाले आहे. फोनवर सगळे मान्य करतात आणि दुसऱ्या दिवशी तीच पद्धत चालू राहते, म्हणून आता उघडपणे लिहिणे भाग पडले.

माझ्या मावसबहिणीची मुलगी गेल्या वर्षी उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी घेऊन मुंबईत आली. ऐरोलीत तिघी मुली मिळून भाड्याच्या खोलीत राहतात, लॅपटॉप हप्त्यावर घेतलेला आहे, वडिलांचे मिरजेत सायकलदुरुस्तीचे दुकान आहे. ऑगस्टच्या शेवटी तिला एका स्टुडिओने ज्युनिअर डिझायनरच्या जागेसाठी चाचणी दिली. दिवाळीच्या फराळासाठी निघणाऱ्या चिवडा मसाल्याच्या खोक्याचे डिझाइन करायचे होते, त्याच्या जोडीला समाजमाध्यमांसाठी पाच पोस्ट होत्या आणि मुदत अठ्ठेचाळीस तासांची होती. ब्रीफबरोबर, म्हणजे कामाच्या लेखी सूचनांबरोबर, खोक्याची डायलाइन (खोका कुठे कापायचा आणि दुमडायचा याचा आराखडा) आली होती. तिच्यावर मिलिमीटरमध्ये मापे होती, चिकटवायच्या पट्टीची जागा होती, बारकोडसाठी सोडलेली चौकट होती आणि अन्न परवाना क्रमांकाच्या जागी "नंतर टाकू" अशी टीप होती. आपल्या धंद्यातल्या कोणालाही ती डायलाइन पाहताक्षणी कळले असते की हा खोका छपाईला जाणार आहे. काल्पनिक मालासाठी कोणी चिकटपट्टीची जागा मोजून देत नाही.

मुलीला हे कळले नाही, कारण तिने तोवर खरी डायलाइन पाहिलेलीच नव्हती. तिने दोन नाइट मारल्या. "चिवडा" या शब्दातली पहिली वेलांटी 'च'च्या डोक्यावरून जिथे वळते, तिथे तिने त्या वेलांटीला पितळी डब्याच्या अर्धवट उघडलेल्या झाकणाचा आकार दिला होता आणि बाकीची अक्षरे डब्याच्या काठावर बसवली होती. कल्पना साधी होती, पण ती वेलांटी झाकणासारखी दिसावी आणि तरीही वेलांटीच वाटावी यासाठी तिने वहीची नऊ पाने भरली होती. ती पाने मी पाहिली आहेत. पीडीएफ पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी स्टुडिओचा निरोप आला की लेअर तपासायचे आहेत, ओपन फाइल (जिच्यात कोणालाही बदल करता येतात अशी मूळ फाइल) पाठवा. तिने ती पाठवली आणि त्यानंतर उत्तर येणे बंद झाले.

दिवाळीला ती घरी गेली तेव्हा बाजारातल्या एका किराणा दुकानाच्या फळीवर तो खोका तिला दिसला. तिने वापरलेल्या हिरव्याच्या जागी लाल रंग आला होता, मागची नक्षी काढली होती, पण झाकणाची वेलांटी जशीच्या तशी होती. तिने तिथूनच मला फोन केला. "मावशी, वेलांटी माझीच आहे," एवढेच ती म्हणाली. मागून दुकानदाराचा आवाज येत होता, तो किती खोके देऊ म्हणून विचारत होता.

तिने त्या स्टुडिओला सभ्य भाषेत पत्र लिहिले. दोन ओळींचे उत्तर आले की चाचणीसाठी आलेले सर्व साहित्य ही संस्थेची मालमत्ता असते आणि तसे संस्थेचे धोरण आहे. मी त्या स्टुडिओचे नाव येथे लिहिणार नाही. भांडण एका स्टुडिओशी नाही. त्यानंतरच्या महिन्याभरात हेच वाक्य मला नोकरीच्या चार वेगवेगळ्या जाहिरातींच्या तळाशी आढळले. एकाने काढलेले धोरण बाकीचे उचलत आहेत, आणि उद्या ती रीतच होऊन बसेल, हे मला गप्प बसून पाहवत नाही.

या मुलीकडे एक फुलस्केप वही आहे. तिच्यात तिने रकाने आखले आहेत: तारीख, काय काम मागितले, किती तास लागले, काय उत्तर आले. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तिने अकरा चाचण्या दिल्या. तासांची बेरीज १८४ होते. उत्तराच्या रकान्यात तीन ठिकाणी काही लिहिलेले आहे, उरलेल्या आठ ठिकाणी आडवी रेघ आहे. १८४ तास म्हणजे रोज आठ तासांप्रमाणे तेवीस दिवस, म्हणजे जवळपास एका महिन्याचे पूर्ण काम तिने तुमच्यासाठी विनामूल्य केले आणि त्याच महिन्याचे खोलीचे भाडे मात्र तिला द्यावेच लागले.

आता त्या धोरणाविषयी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक ती करणारा असतो. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची मालकी मालकाकडे जाते, परंतु चाचणी देणारा उमेदवार अजून तुमचा नोकर झालेला नसतो. मोबदला देऊन करून घेतलेल्या काही प्रकारच्या कामांना अपवाद आहे, पण तुम्ही मोबदलाच दिलेला नसल्यामुळे तो अपवादही लागू होत नाही. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर त्याच कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क देणाऱ्याने सही केलेला लेखी करार लागतो, आणि त्या करारात मुदत व प्रदेश लिहिलेला नसेल तर तो हक्क पाच वर्षांपुरता आणि भारतापुरताच मानला जातो. यासाठी नोंदणीचीही गरज नसते, काम कागदावर किंवा पडद्यावर उतरले की हक्क निर्माण होतो. नुसत्या कल्पनेवर मालकी सांगता येत नाही हे मला ठाऊक आहे. डब्याचे झाकण कोणालाही सुचू शकते. पण ओपन फाइल मागवून घेतल्यावर प्रश्न कल्पनेचा राहत नाही, रेषेचा होतो. जाहिरातीच्या तळाशी लिहिलेली एक ओळ हा सही केलेला करार नव्हे, हे आपल्या कायदेविषयक सल्लागारांना विचारून पाहावे.

येथे मला एक गोष्ट मान्य केली पाहिजे. स्टुडिओ काढल्यावर पहिली काही वर्षे मीही चाचण्या विनामोबदलाच घेतल्या. आमच्या ग्राहकांचे खरे काम मी त्यांत कधी दिले नाही, पण दोन-दोन दिवस मुलांना राबवले आणि निवड न झालेल्यांना कळवलेही नाही. त्या वेळी ते मला चुकीचे वाटले नाही कारण सगळेच तसे करत होते. एका मुलाने वर्षभराने भेटल्यावर शांतपणे सांगितले की तुमच्या उत्तराची वाट पाहत मी दुसरीकडची जागा नाकारली होती. त्यानंतर मी पद्धत बदलली. कशी बदलली ते पुढे सांगते, आधी बाकीच्या तक्रारी मांडते.

दुसरी तक्रार अनुभवाच्या अटीची आहे. "फ्रेशर हवेत" अशा मथळ्याखाली दोन वर्षांचा अनुभव मागितला जातो. आपण सगळे ज्या पायरीवरून वर आलो ती पायरी आठवून पाहावी. एक मूळ जाहिरात तयार असे आणि तिचे अर्धे पान, पाव पान, होर्डिंग, बसच्या मागचा पॅनल, दुकानाचा फलक अशा वीस मापांत अडॅप्टेशन करायचे काम नव्या मुलावर सोपवले जाई. रटाळ काम होते, पण जागा कमी झाली की काय आधी सोडायचे आणि काय शेवटपर्यंत सांभाळायचे, हे मी त्या कामातच शिकले. कॉलेजमध्ये ते कोणी शिकवले नव्हते. आता ते काम यंत्रे करू लागली आहेत. २०२२ पासून वाक्य लिहिले की चित्र काढून देणारी साधने हाताशी आली आणि रफ (कच्ची रेखाटने) काढणारी, स्टोरीबोर्ड रंगवणारी नवी माणसे घेणे अनेकांनी थांबवले. साधनांना माझा विरोध नाही, माझ्याही स्टुडिओत ती आहेत. पण पहिली पायरी काढून घ्यायची आणि दुसऱ्या पायरीवर उभे असलेलेच उमेदवार मागायचे, याचा हिशेब लागत नाही. पाच वर्षांनी तुम्हाला जो अनुभवी आर्ट डायरेक्टर लागणार आहे त्याला आज कोणीतरी कामावर घ्यावे लागेल.

तिसरी तक्रार विनावेतन प्रशिक्षणाची. तीन महिने, सहा महिने, "शिकायला मिळेल" या बोलीवर मुलांना राबवले जाते आणि शेवटी एक प्रमाणपत्र दिले जाते. शिकायला मिळते हे खरे आहे, मात्र ज्याचे घर मुंबईत किंवा पुण्यात आहे त्यालाच ते परवडते. बाहेरगावची मुले महिन्याभरातच परत जातात आणि मग आपणच म्हणतो की या क्षेत्रात शहरातलीच मुले टिकतात. वास्तविक यासाठी कायदा आणि पैसा दोन्ही उपलब्ध आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ च्या दुरुस्तीनंतर कोणत्याही शाखेचा पदवीधर बसतो. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि चार ते एकोणतीस माणसे असलेल्यांना तसे घेण्याची मुभा आहे. २०१९ मध्ये पदवीधर उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरले आणि राष्ट्रीय योजनेत त्यातले निम्मे सरकार भरते. या राष्ट्रीय योजनेचे पश्चिम विभागाचे कार्यालय मुंबईतच, शीव येथे आहे. शिवाय राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात पदवीधराला दरमहा १०,००० रुपये सरकारकडून देण्याचे ठरले. कारखाने, बँका या योजनांतून मुले घेतात. आपल्या क्षेत्रात मात्र मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांतल्या बहुतेकांनी "हे आपल्यासाठी नसते" असे सांगितले. ते आपल्यासाठीही आहे.

चौथी तक्रार भाषेची आहे आणि ती मला फार लागते. मराठी ग्राहकासाठी मराठी मोहीम करायची असते, त्यासाठी देवनागरी अक्षरांची जाण असलेले माणूस हवे असते, आणि त्याची मुलाखत इंग्रजीत घेऊन "कम्युनिकेशन कच्चे आहे" म्हणून त्याला परत पाठवले जाते. त्यानंतर होर्डिंगवर काय लागते ते आपण रोज पाहतो. इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये योग्य कम्पोजर (अक्षरे जुळवणारी सोय) निवडला नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. वीस फुटी फलकावर अशी मोडलेली अक्षरे महिनाभर लटकत राहतात, कारण ती पाहून खटकणारे कोणी त्या खोलीत नसते. चित्र काढून देणारी नवी साधनेही देवनागरी अजून बऱ्याचदा मोडूनच देतात. मुंबईत सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ पासून उभे आहे. जाहिरात क्षेत्रात काम केलेल्या र. कृ. जोशींनी पवईच्या आयआयटीत शिकवले आणि जगभरातल्या संगणकांवर पोचलेला 'मंगल' फॉन्ट केला. कमल शेडगे यांच्या अक्षरांवरून लोक वर्तमानपत्रात नाटकाची जाहिरात लांबून ओळखत. या मातीत अक्षराला एवढा मान मिळाला आहे. त्याच मातीत आज मराठी अक्षर उत्तम जाणणारी मुलगी इंग्रजीत अडखळते म्हणून बाहेर बसते. इंग्रजी ग्राहकासमोर सादरीकरण करण्याची जागा असेल तर इंग्रजीची अट रास्त आहे. जिथे काम मराठीत आहे तिथे मुलाखतही मराठीत व्हावी.

पगार न सांगण्याची सवय ही पाचवी. "उत्तम वेतन", "अनुभवानुसार" असे लिहिले जाते, उमेदवार तीन फेऱ्या पूर्ण करतो आणि शेवटच्या दिवशी कळते की पगार खोलीभाडे आणि रेल्वेचा पास यांत संपणारा आहे. आकडा आधी कळला असता तर त्याचेही दिवस वाचले असते आणि तुमचेही.

सहावी तक्रार नोकरी मिळेपर्यंत जगण्याची आहे. बहुतेक मुले या काळात फ्रीलान्स कामे करतात आणि ती कामे देणारेही तुम्हीच असता. दिवाळी अंकाची आठ रेखाटने जुलैत करून दिलेल्या एका चित्रकाराला मानधन पुढच्या मार्चमध्ये मिळाले, तेही चार वेळा आठवण केल्यावर. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक निघाल्यापासून ही परंपरा आपण अभिमानाने सांगतो, तिच्यातल्या चित्रकाराचे पैसे होळीला मिळावेत हे शोभत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु व्यावसायिकाचे बिल ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कशीही ठरली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागते. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. एकटा काम करणारा चित्रकारही ही नोंदणी करू शकतो आणि ती विनाशुल्क आहे. "आमच्याकडे नव्वद दिवसांची पद्धत आहे" असे सांगणाऱ्या संस्थांनी हा कायदा एकदा वाचावा.

कला महाविद्यालयांचाही यात वाटा आहे. चार वर्षांत करार कसा वाचावा, बिल कसे करावे याचा एकही तास होत नाही. ते मी त्यांना स्वतंत्रपणे लिहिणार आहे, हे पत्र तुम्हाला आहे.

मला तुमच्या अडचणी ठाऊक नाहीत असे नाही. तुम्ही म्हणाल की पोर्टफोलिओवर विश्वास ठेवता येत नाही, मुले दुसऱ्याचे काम आपले म्हणून दाखवतात, आणि एका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येतात. पहिली गोष्ट खरी आहे. पण तिच्यावर उपाय दोन दिवसांची फुकट चाचणी हा नाही. मी पहिल्या नोकरीसाठी लोअर परळला एका संस्थेत गेले होते. लोकलच्या गर्दीत मोठा काळा पोर्टफोलिओ छातीशी धरून आणला होता, त्याचा एक कोपरा दुमडला होता. तिथल्या आर्ट डायरेक्टरांनी तो बंद केला आणि म्हणाले, "हे नंतर बघू. रफची वही आणली आहे का?" वही नशिबाने पिशवीत होती. त्यांनी त्यातले खोडलेले एक पान काढून विचारले की हे का सोडून दिले. मी सांगत गेले, ते ऐकत होते. पंधरा मिनिटांत त्यांना कळले की काम माझे आहे की नाही आणि मी विचार कसा करते. त्यांनी मला एक रेषही काढायला लावली नाही. चोरलेल्या कामाची रफ कोणाकडेच नसतात. आजही उमेदवाराला शेजारी बसवून त्याचीच फाइल उघडायला लावावी आणि एखादा निर्णय का घेतला ते विचारावे. जे कळायचे ते कळते.

माझ्या स्टुडिओत गेल्या वेळी एका जागेसाठी अडतीस पोर्टफोलिओ आले. ते पाहून नऊ जणांना बोलावले, त्यांच्याशी रफ घेऊन बोलले आणि त्यांतल्या पाच जणांना चाचणी दिली. चाचणी स्टुडिओतच, तीन तासांची, अस्तित्वात नसलेल्या उदबत्तीच्या पाकिटावर होती. प्रत्येकाला निघताना १,५०० रुपये आणि त्याचे काम त्याचेच राहील अशी सही केलेली चिठ्ठी दिली. एकूण खर्च ७,५०० रुपये झाला. उरलेल्या सदतीस जणांना नकार कळवायला एक शनिवारची दुपार लागली. पाच माणसांच्या स्टुडिओला हे जमते, मग पन्नास माणसांच्या संस्थेला जमू नये असे कारण मला दिसत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

पोर्टफोलिओ आणि मुलाखत आधी घ्यावी आणि चाचणी अखेरच्या पाच-सहा उमेदवारांनाच द्यावी. ती तीन तासांपेक्षा मोठी नसावी, तिचा विषय काल्पनिक असावा आणि तिचे पैसे त्याच दिवशी द्यावेत. त्याहून मोठे काम हवे असेल तर त्या पदाच्या पगाराच्या हिशेबाने प्रत्येक दिवसाचे वेतन द्यावे.

चाचणीत ओपन फाइल मागू नये. चाचणीचे काम उमेदवाराच्या मालकीचे राहील असे ब्रीफमध्येच लिहावे, आणि त्यातले काही वापरावेसे वाटले तर ते विकत घ्यावे, लेखी करार करून आणि त्याचे नाव देऊन. "सर्व साहित्य संस्थेची मालमत्ता" हे वाक्य जाहिरातींतून काढून टाकावे.

पगाराचा आकडा, निदान किमान आणि कमाल, जाहिरातीत छापावा.

फ्रेशरच्या जागेला अनुभवाची अट लावू नये, आणि कोणालाही विनावेतन प्रशिक्षणार्थी म्हणून ठेवू नये. शिकाऊ उमेदवारांच्या योजनेत नाव नोंदवावे.

मराठी कामासाठीच्या मुलाखती मराठीत घ्याव्यात.

चाचणी किंवा मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला एकवीस दिवसांत उत्तर द्यावे. नकार असेल तर एका ओळीचा नकार पुरे आहे.

फ्रीलान्स काम करणाऱ्यांची बिले ४५ दिवसांच्या आत चुकती करावीत.

हे पत्र नोकरी शोधणारी मुलेही वाचतील, त्यांच्यासाठी चार शब्द. रफ जपून ठेवा आणि तारखा टाका. चाचणीचे काम कमी रेझोल्युशनच्या पीडीएफमध्ये, नाव आडवे टाकून पाठवा आणि "हे काम फक्त मूल्यमापनासाठी आहे, वापराचे हक्क माझ्याकडे आहेत" ही ओळ मेलमध्ये लिहा. डायलाइनवर चिकटपट्टी आणि बारकोडची जागा दिसली तर ते काम खरे आहे असे समजा आणि मोबदला विचारा. विचारल्यामुळे जागा गेली तर ती जागा तशीही तुम्हाला पैसे देणारी नव्हती. पहिले फ्रीलान्स काम स्वीकारण्याआधी उद्यम नोंदणी करून घ्या, कारण उशिराच्या बिलावर ती नंतर केली तर उपयोग होईलच असे नाही.

मे महिन्यात परीक्षा संपतील आणि जूनमध्ये कोल्हापूर, सांगली, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथून नवी मुले पोर्टफोलिओ घेऊन तुमच्या दारात येतील. त्यांच्या आधी, गुढीपाडव्यापर्यंत, आपल्यापैकी ज्यांना या मागण्या मान्य आहेत त्यांनी तसे आपापल्या नोकरीच्या जाहिरातीत लिहावे. ज्यांना एखादी मागणी अव्यवहार्य वाटते त्यांनी ती का वाटते ते उघडपणे लिहावे, मी प्रत्येकाला उत्तर देईन. आणि ज्या स्टुडिओने तो खोका बाजारात आणला, त्यांनी त्या मुलीशी बोलावे. तिची नऊ पाने माझ्या कपाटात आहेत, तारखांसह.

आपली विश्वासू,
एक उपयोजित चित्रकार आणि स्टुडिओचालक
ठाणे